सोसायटी जागेवर, वॉर्ड मात्र हलता

आपली सोसायटी २००१ साली नोंदली गेली. त्याच वर्षाच्या शेवटी राज्यातल्या नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या आणि नगरसेवकाबरोबर नगराध्यक्षही लोकांनी थेट मतदानाने निवडला. त्यानंतर २००६, २०११, २०१६ आणि आता जानेवारी २०२६. म्हणजे सोसायटीच्या आयुष्यात आपण शहरासाठी पाच वेळा मतदान केले, आणि एकदाही मागच्या वेळची पद्धत पुढच्या वेळी शिल्लक राहिली नाही. कधी एका वॉर्डाचा एक नगरसेवक, कधी दोन, कधी चार. कधी नगराध्यक्ष आपण निवडायचा, कधी नगरसेवकांनी. आपली घरे जागची हलली नाहीत. वॉर्ड मात्र हलत राहिला.

स्मरणिकेत बोअरवेलचा, गणेशोत्सवाचा आणि कंपाउंड वॉलचा इतिहास इतर सभासदांनी लिहिला आहे. मी लिहितोय तो या हलत्या वॉर्डाचा. पक्षांची नावे एखाद-दुसऱ्या ठिकाणीच येतील. स्मरणिका सर्वांची आहे, आणि आपल्याकडे एकेका घरात दोन-दोन पक्ष नांदतात हे सर्वांना माहीत आहे.

जुन्या माणसांच्या तोंडी आजही कधी कधी ‘बलदिया’ हा शब्द येतो. नगरपालिकेला निजामाच्या राज्यात हे नाव होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो आणि तिथे कारभार वरून खाली यायचा. तालुकदार, तहसीलदार ही नावेच बोलकी आहेत. प्रत्येक प्रौढ माणसाला मत, ही गोष्ट मराठवाड्याने १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रथम पाहिली. आमचे वडील सांगत, त्या दिवशी माणसे सणासारखी स्वच्छ धोतरे नेसून मतदानाला गेली होती. पुढे १९५६ मध्ये हैदराबाद राज्याने जिल्हा नगरपालिकांचा कायदा केला, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला. कायदा हैदराबादचा, राज्य मुंबईचे, आणि १९६० पासून महाराष्ट्राचे. असा काही काळ गेला. शेवटी सगळ्या महाराष्ट्राला एकच असा १९६५ चा नगरपालिका कायदा १९६७ मध्ये अमलात आला. त्यानंतर ज्या निवडणुका झाल्या, त्या आजच्या पद्धतीच्या खऱ्या पूर्वज.

जालना तेव्हा दोन गावांचे एक गाव होते, आणि मनाने आजही आहे. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, म्हणजे कसबा. दुसऱ्या काठाला नवा जालना, सदर बाजार, पेठा, व्यापार. जुन्या जालन्यातला माणूस पूल ओलांडून खरेदीला निघाला की ‘नव्या जालन्यात जाऊन येतो’ असे सांगून निघायचा, जणू परगावीच चालला आहे. नगरपालिकेतही हे दोन काठ असायचे. कोणता रस्ता आधी व्हावा, नळाची लाइन कुठून न्यावी, हा वाद पक्षांचा कमी आणि काठांचा जास्त असे.

माझे पहिले मत १९७४ चे. मतदानाचे वय तेव्हा २१ होते. १८ झाले ते १९८९ मध्ये. मी पदवीधर होऊन बँकेच्या परीक्षेची तयारी करत होतो. त्या वर्षी राज्यात प्रथमच नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचा होता. आज तरुण मंडळींना वाटते की थेट नगराध्यक्ष ही अलीकडची कल्पना आहे. तसे नाही. ती १९७४ ला आली, गेली. २००१ ला आली, गेली. २०१६ ला आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. सरकार बदलले की हे कलम बदलते. ज्याला नगरसेवकांचे बहुमत सोयीचे वाटते तो एक करतो, ज्याला एका चेहऱ्यावर मते मिळतील असे वाटते तो दुसरे करतो. बँकेत व्याजदराची परिपत्रके आली की आम्ही जुने परिपत्रक फायलीत खाली सरकवायचो, फेकायचो नाही. अनुभव असा की तेच पुन्हा वर येते.

त्या काळच्या वॉर्डाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण नव्या सभासदांना ते पाहायला मिळालेले नाही. आमचा वॉर्ड म्हणजे चार-पाच गल्ल्या. नगरसेवक हा शब्द कागदावर, तोंडात ‘मेंबर’. आमचे मेंबर आमच्यापासून सहा घरे सोडून राहायचे. कापडाचे छोटे दुकान, संध्याकाळी ओट्यावर बैठक. सकाळी सार्वजनिक नळाला पाणी आले नाही की बायका घागरी घेऊन परस्पर त्यांच्याच दारात जात. अर्ज, आवक क्रमांक, पोचपावती काही नाही. घागर ओट्यावर आपटली की तीच पोचपावती. मेंबर धोतर सावरत बाहेर यायचे, “आलोच मावशी, वॉलमनला बोलावतो,” म्हणायचे आणि खरोखर सायकलवर टांग टाकून निघायचे. ते फार थोर होते असे मला म्हणायचे नाही. त्यांच्याच घरासमोरचा दिवा सगळ्यात आधी लागला होता, हे गल्लीत सर्वांना ठाऊक होते आणि त्यावर त्यांना तोंडावर टोमणे बसत. पण टोमणा मारायला माणूस समोर होता, हे महत्त्वाचे. पुढच्या निवडणुकीत पडले, तरी राहायला तिथेच होते. पडलेला मेंबर आणि निवडून आलेला मेंबर एकाच हॉटेलात चहा प्यायचे.

मग मोठा खंड पडला. १९७५ ला आणीबाणी आली, मुदती वाढल्या, प्रशासक आले, आणि पुढची नगरपालिका निवडणूक १९८५ मध्ये झाली. १९७४ ते १९८५, अकरा वर्षे! याच दरम्यान १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. तोवर आपण औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होतो. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद तिकडून आले आणि परतूर परभणीतून. कलेक्टर कचेरी गावातच आल्याने कामासाठी साठ किलोमीटरची एस.टी. वाचली. स्टीलच्या रोलिंग मिल, बियाण्यांच्या कंपन्या, मोंढा, त्यात जिल्ह्याची कार्यालये. नोकरदार वर्ग आला, आणि शहर दोन्ही काठ सोडून अंबड रोड, मंठा रोड, भोकरदन नाका अशा बाजूंना पसरू लागले. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण पाळण्यापेक्षा प्लॉटच्या जाहिरातीत जास्त दिसू लागली. आपली सोसायटी ही त्याच पसरण्याची एक शेवटची लाट.

बँकेच्या नोकरीत इलेक्शन ड्यूटी ठरलेली. माझी नोकरीतली बहुतेक वर्षे मराठवाड्यातच गेली, आणि १९९१ च्या नगरपालिका निवडणुकीत एका तालुक्याच्या गावी मी केंद्राध्यक्ष होतो. तेव्हा मशीन नव्हते. मतपत्रिका, फुलीचा शिक्का, पत्र्याची मतपेटी, लाख, मेणबत्ती आणि जांभळी शाई. त्या फुलीच्या खुणेची एक गंमत ड्यूटीवरच कळली. तिचा आकार असा केलेला असतो की मतपत्रिकेची घडी घातल्यावर दुसऱ्या चिन्हावर ओला ठसा उमटला, तरी खरा शिक्का कोणता आणि त्याचे प्रतिबिंब कोणते हे मोजणाऱ्याला ओळखता येते. एवढ्या बारीक गोष्टीचाही कोणीतरी विचार केला होता. लोकसभेच्या मतदानात हजाराने मते इकडे-तिकडे झाली तरी कोणाला कळत नाही. नगरपालिकेच्या एका वॉर्डात पाच मतांनी निकाल फिरतो. म्हणून एजंट लोक इतके डोळ्यात तेल घालून बसतात. एका आजीबाईंना तिघांनी धरून आणले होते आणि तिघेही वेगवेगळ्या उमेदवारांचे होते! आजीबाई आत गेल्या, बाहेर आल्या आणि तिघांकडे पाहून म्हणाल्या, “दिलं रे बाबा तुलाच.” कोणाला, ते तिघांनाही कळले नाही.

याच सुमारास महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव झाल्या होत्या. पुढे ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने केलेल्या गोष्टींपैकी मला दोन मोठ्या वाटतात. एक, पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, हे घटनेत लिहिले गेले. १९७४ ते ८५ सारखा खंड पुन्हा पडू नये म्हणून. दुसरी, निवडणूक घेणारा राज्य निवडणूक आयोग वेगळा झाला. महिलांचा वाटा एक तृतीयांश झाला आणि २०११ पासून निम्मा. सुरुवातीला ‘मेंबरबाई’ घरी आणि ‘मेंबरसाहेब’ म्हणजे त्यांचे यजमान सभेच्या बाहेर पान खात उभे, हे चित्र सर्रास होते, आणि त्यावर हसणे सोपे होते. पण मी असेही पाहिले आहे की पहिल्या वर्षी सही कुठे करायची ते विचारणारी बाई तिसऱ्या वर्षी अंदाजपत्रकाची पाने उलटून “हे शीर्षक मागच्या वेळी कुठे होतं?” असे विचारते. आपल्याच बँकेच्या काउंटरवर हे परिवर्तन झालेले मी पाहिले असल्याने मला त्याचे नवल वाटले नाही.

सहकारी संस्थांनाही हे वारे लागले. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर आपल्या व्यवस्थापन समितीतही महिलांसाठी दोन जागा आल्या, राखीव गटांच्या जागा आल्या, पाच वर्षांची मुदत आली. आपल्याकडे निवडणूक बिनविरोधच होते हा भाग वेगळा. सेक्रेटरीपद कोणी घेता का, म्हणून घरोघर फिरावे लागते. नगरपालिकेत उलट.

आता आपल्या वॉर्डाकडे येतो. २००१ ला आपल्याकडे फक्त सात-आठ घरे होती. बाकी प्लॉटवर दगडी खुणा आणि बाभळी. त्या निवडणुकीत उमेदवार आपल्याकडे आले नाहीत, आले असते तरी भेटले कोण असते? त्याच वर्षी एक कायदा लागू झाला, तो मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे: १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले तर स्थानिक निवडणुकीला उभे राहता येत नाही. आजही उमेदवारी अर्जांच्या छाननीत सगळ्यात जास्त आवाज या तारखेवरून चढतो. आपली सोसायटी आणि ही तारीख एका वर्षाच्या, हा योगायोग.

२००६ ला एक सदस्याचा वॉर्ड होता. आपण शहराच्या कडेच्या एका लांबट वॉर्डात होतो, आणि तो नगरसेवक आपल्या सगळ्यांना माहीत होता. त्यांच्या प्रयत्नाने मुख्य रस्त्यापासून आपल्या फाटकापर्यंत खडी पडली आणि मग डांबर आले. २०११ ला चार सदस्यांचा प्रभाग आला. ‘वॉर्ड’ जाऊन ‘प्रभाग’ हा शब्द सर्वतोमुखी झाला तो तेव्हापासून. एकाच प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा. मतदाराने चारही मते द्यायची.

२०१६ ची गोष्ट सोसायटीच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे. त्या वर्षी दोन सदस्यांचा प्रभाग आणि थेट नगराध्यक्ष असा नवा नियम आला. प्रारूप प्रभाग रचना प्रसिद्ध झाली आणि नकाशा पाहिला तर हद्दीची रेघ आपल्या अंतर्गत रस्त्यावरून गेलेली! पुढची ओळ एका प्रभागात, मागची ओळ दुसऱ्यात. एक फाटक, एक बोअरवेल, एक सेक्रेटरी आणि दोन प्रभाग. आम्ही सात जणांनी हरकत दाखल केली. सुनावणीला मी गेलो होतो. संबंधित अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि कारण समजावून सांगितले. प्रभाग जनगणनेच्या प्रगणक गटांपासून बनतात. एक गट म्हणजे प्रगणकाने मोजलेल्या काही घरांचा पुंजका, आणि तो गट फोडायचा नाही असा दंडक. २०११ च्या जनगणनेत मागच्या ओळीत घरेच नव्हती. तो मोकळा तुकडा पलीकडच्या शेताच्या गटात धरला होता. घरे नंतर झाली. म्हणजे कागदावर मागच्या ओळीत अजून ज्वारी उभी होती. हरकत फेटाळली गेली. नियम पाहता ते बरोबरच होते, हे मला मान्य करावे लागले. मागच्या ओळीतल्या सभासदांना ते अजून मान्य नाही.

मतदान होते २७ नोव्हेंबर २०१६ ला. ८ नोव्हेंबरच्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या होत्या. तेव्हा मी निवृत्त होतो, त्यामुळे आयुष्यात प्रथमच काउंटरच्या या बाजूला, रांगेत. त्या रांगेत जितका प्रचार झाला तितका सभेत झाला नसेल. जुन्या नोटांनी नगरपालिकेचा कर भरायला काही दिवस मुभा होती, त्यामुळे वर्षानुवर्षांची घरपट्टी लोकांनी उत्साहाने भरली. उमेदवारांना तर थकबाकी नसल्याचा दाखला लागतोच. गावाची वसुली निवडणुकीने नाही तर नोटबंदीने तरी होते, असे आमचे एक सहकारी म्हणाले. त्या निवडणुकीत काँग्रेसच्या संगीता गोरंट्याल थेट मतदानाने नगराध्यक्ष झाल्या. आपल्या सोसायटीत मात्र पुढच्या ओळीने दोन नगरसेवक निवडले आणि मागच्या ओळीने दुसरे दोन.

पुढची पाच वर्षे आपण या फाळणीत काढली आणि तिचा एक अनपेक्षित गुण कळला. चार नगरसेवकांपैकी प्रत्येकाला वाटे की ही सोसायटी अर्धी आपली आहे. अर्धी म्हणजे उपऱ्याच्या हाती जाऊ शकणारी. पुढच्या ओळीसमोर पेव्हर ब्लॉक बसले की महिन्याभरात मागच्या ओळीचे नगरसेवक हजर. दोष तसाच मोठा. दोन्ही ओळींच्या मधला नाला, जो खरोखर हद्दीवर होता, तो दोघांचाही आणि म्हणून कोणाचाच नाही. बँकेत जॉइंट अकाउंटवर ‘दोघांपैकी कोणीही’ असा शेरा नसेल तर दोघांच्या सह्या लागतात. नाल्याचे तसे झाले होते.

नगरसेवकांची संख्या कशी ठरते हे अनेकांना माहीत नसते, म्हणून हिशेब देतो. सवय आहे, क्षमा असावी. २०१६ च्या नियमाप्रमाणे ‘अ’ वर्ग नगरपरिषदेला पहिल्या एक लाख लोकसंख्येसाठी ३८ सदस्य होते आणि पुढे दर ८ हजारांना एक. २०११ च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८५ हजार. वरच्या १ लाख ८५ हजारांना आठ हजारांनी भागले की २३. अडतीस आणि तेवीस, एकसष्ट. २०१६ ला सदस्य होते बरोबर ६१. म्हणजे एका नगरसेवकामागे साधारण ४ हजार ७०० लोक, आणि दोघांचा प्रभाग साडेनऊ हजारांच्या आसपास. आता महानगरपालिकेत सदस्य ६५ आणि प्रभाग १६. पंधरा प्रभागांत चार-चार, एकात पाच. जनगणना तीच जुनी, कारण २०२१ ची झालीच नाही. भागाकार केला तर चौघांचा प्रभाग येतो सतरा-साडेसतरा हजार लोकांचा. माणशी प्रमाण जवळजवळ तेच आहे. बदलले आहे ते क्षेत्र. पूर्वी एका माणसाकडे चार हजार लोक होते; आता चौघांकडे मिळून सतरा हजार आहेत. कागदावर हे दोन्ही सारखे. घागर कोणाच्या ओट्यावर आपटायची, इथे फरक पडतो.

आता मधल्या पोकळीबद्दल. २०१६ ला निवडलेल्या सभागृहाची मुदत पाच वर्षांनी संपली आणि निवडणूक झाली नाही. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तीन अटी घातल्या: समर्पित आयोग, त्याने गोळा केलेली माहिती आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत. मग बांठिया आयोग, त्याचा अहवाल, प्रभाग रचना कोणी करायची याचे कायदे, त्या कायद्यांवर याचिका. अखेर मे २०२५ मध्ये न्यायालयानेच निवडणुका घ्या असे सांगितले आणि सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत दिली. म्हणजे जे पुन्हा घडू नये म्हणून घटना दुरुस्त केली, तेच चार वर्षे घडले. फक्त जालन्यात नाही, मुंबई-पुण्यातही. ओबीसींच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न खरा होता आणि तो न्यायालयात सुटायलाच हवा होता. पण तो सुटेपर्यंत कोट्यवधी शहरी माणसांना नगरसेवकच नसावा, हे मला कधी पटले नाही. बँकेत मॅनेजर रजेवर गेला तर दुसऱ्या दिवशी किल्ल्या कोणाकडे, हे आधी ठरलेले असते.

याच पोकळीत ऑगस्ट २०२३ मध्ये जालना महानगरपालिका झाली, राज्यातली एकोणतिसावी. नगरपरिषदेचा शेवट आणि महानगरपालिकेचा जन्म, दोन्ही सभागृहात एकही निवडलेला माणूस नसताना झाले. मुख्याधिकारी जाऊन आयुक्त आले, आणि तेच प्रशासक. आपल्यापैकी काहींनी आनंदाने पेढे वाटले, काहींनी घरपट्टी किती वाढेल याचा अंदाज बांधला. मी दोन्ही केले.

१५ जानेवारी २०२६ ला महानगरपालिकेची पहिली निवडणूक झाली. नव्या रचनेत आपला प्रभाग इतका मोठा झाला की अंतर्गत रस्त्यावरची ती रेघ त्याच्या पोटात कुठेतरी गडप झाली. दहा वर्षांनी पुढची आणि मागची ओळ एका मतदान केंद्रावर एकत्र आली. मतदानाच्या खोलीत चार जागांचे चार रंग: पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा. चार बटणे दाबल्याशिवाय मत पूर्ण होत नाही; कोणीच पसंत नसेल तर त्या जागेसाठी ‘नोटा’. बोटाला शाईच्या बाटलीऐवजी मार्कर पेन. आमच्या शेजारच्या काकू, वय ८३, तीन बटणे दाबून निघाल्या तेव्हा केंद्रावरच्या मुलीने प्रेमाने थांबवले, “आजी, अजून एक राहिलं.” काकू म्हणाल्या, “एवढी माणसं मी ओळखत नाही गं.” मी मागेच उभा होतो. रांगेतली सगळी हसली, पण काकू हसत नव्हत्या. त्यांनी शेवटचे बटण दाबले.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. ६५ पैकी ४१ जागा भारतीय जनता पक्षाला मिळाल्या. महापौरपद सोडतीत अनुसूचित जातीतील महिलेसाठी राखीव निघाले. महापौर नगरसेवकांतून निवडला जातो, तिथे थेट मतदान नाही.

मोठा प्रभाग की लहान वॉर्ड, यावर आपल्या कट्ट्यावर महिनाभर वाद चालला. मोठ्या प्रभागाच्या बाजूचे म्हणतात, गल्लीच्या राजकारणातून नगरसेवक बाहेर येतो, मोठी पाइपलाइन आणि मोठा रस्ता यांचा विचार होतो, सोसायटी फुटत नाही. त्यात तथ्य आहे. पाणी वॉर्डाच्या हद्दी पाळत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात सगळ्या शहराने एकाच टँकरची वाट पाहिली, आणि जायकवाडीहून आलेले पाणी काही एका वॉर्डासाठी आले नाही. तरीही माझे मत लहान वॉर्डाच्या बाजूने आहे. पाइपलाइन आणायला आयुक्त आहेत, अभियंते आहेत, आमदार-खासदार आहेत. नळाला पाणी का आले नाही हे सकाळी सात वाजता ज्याला विचारता येईल असा माणूस मात्र या सगळ्या रचनेत एकच असतो, आणि तो चार झाला की नेमका कोणता, हे काकूंनाही सांगता येत नाही. लहान वॉर्डात भांडणे जास्त, नातीगोती जास्त, पाच मतांची विकत-घेणीही जास्त. हे सगळे मोजूनसुद्धा माझे मत तेच राहते. कट्ट्यावर मी अल्पमतात आहे.

फेब्रुवारीत समितीने नाल्याबद्दल अर्ज केला. पूर्वीचा हद्दीवरचा नाला आता पूर्ण एकाच प्रभागात आहे, त्यामुळे अर्ज एकच, पण प्रती चार काढल्या. अ, ब, क, ड. चारही घरी मी आणि सेक्रेटरी स्वतः देऊन आलो. पहिल्या आठवड्यात त्यांच्यापैकी एक जण, प्रथमच निवडून आलेल्या एक तरुण बाई, सकाळीच फाटकाशी आल्या. एकट्याच, बरोबर यजमान नव्हते. दोन्ही ओळी पायी फिरल्या, नाल्याच्या कडेने शेवटपर्यंत गेल्या, मोबाइलवर फोटो काढले आणि जाताना विचारले, “काका, याआधी हा नाला कुणाकडे होता?” उरलेल्या तीन प्रतींच्या पोचपावत्या सेक्रेटरींच्या फायलीत आहेत.